अर्ध्या तासाचा पियानो

यंदाही चहात कापसाची रुई पडायला लागली आहे. दिवाळी उलटून पंधरा-वीस दिवस झाले की आमच्या आर्वीत हे सुरू होतं. रस्त्याकडेच्या बाभळींवर, विजेच्या तारांवर, सायकलच्या साखळीत, शटरच्या खाचेत, म्हाताऱ्या माणसांच्या भुवयांत, जिथं बघाल तिथं पांढरं. बाहेरगावचा माणूस पहिले दोन दिवस कपडे झटकत फिरतो, तिसऱ्या दिवशी नाद सोडतो. आम्ही झटकतच नाही. कपातली रुई बोटानं काढायची, बोट पँटीला पुसायचं आणि चहा प्यायचा.

पूर्वी कापसाच्या बंड्यांची रांग लागायची. बैल सोडलेले, बंडीखाली माणसं आडवी झालेली. आता टेम्पो आणि ट्रॉल्या येतात, आणि माणसं मोबाइलवर बोलत उभी असतात. पण सरकीचा तो तेलकट, थोडा आंबूस वास तोच, आणि आमच्या भिंतीपलीकडच्या, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगची घरघर तीच. त्या घरघरीत माझा जन्म गेला. ती चालू असते तेव्हा कोणाच्या लक्षातही येत नाही, बंद पडली की मात्र दचकायला होतं.

संध्याकाळी साडेपाचला जिनिंगची दिवसाची शिफ्ट सुटते आणि सहाला दुसरी लागते. मधला अर्धा तास यंत्रं थांबतात. हंगामात रोज या वेळेला मी हातातलं काम बाजूला ठेवतो आणि दुकानात नुसता बसून राहतो. माझी बायको सुनंदा याला 'यांची ड्युटी' म्हणते. त्या अर्ध्या तासात गिऱ्हाईक आलं तर तीच पुढं होते. इतक्या वर्षांत तिनं कारण विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही घडलेलंच नव्हतं, असं मी स्वतःला समजावत आलो.

नव्वदीची शेवटची वर्षं असतील. जिनिंगच्या भिंतीला लागून बाबांचं दुकान होतं, गुरांना लागणारी सरकी आणि ढेप विकायचं. त्याचाच एक कोपरा प्लायवूड ठोकून मी वेगळा केला होता आणि तिथं कॅसेटा भरून देत होतो. आता हे पोरांना समजावून सांगावं लागतं. गिऱ्हाईक चिठ्ठीवर गाणी लिहून आणायचं आणि मी माझ्याकडच्या कॅसेटांतून एकेक गाणं कोऱ्या कॅसेटवर उतरवून द्यायचो. वरातीची वेगळी, जीपवाल्यांची वेगळी, सासरी जाणाऱ्या पोरीची वेगळी. चिठ्ठी पाहिली की कोणाच्या घरी काय चाललं आहे ते मला कळायचं. कोणाचं जमलं, कोणाचं मोडलं, हे आर्वीत माझ्याआधी फार थोड्यांना ठाऊक असायचं.

या धंद्यात कसब एकच होतं, आणि सांगायला लाज कशाला, ते माझ्या बोटात होतं. दोन गाण्यांच्या मधे खाली, म्हणजे मोकळी, जागा सोडायची नाही. गाणं संपलं की टिच् करून पॉज दाबायचं, पुढचं लावायचं, आणि त्याचा पहिला ठोका पडायच्या आत पॉज सोडायचं. गिऱ्हाइकाला खाली जागा अजिबात खपत नसे. दोन सेकंद आवाज आला नाही की लोक टेपवर थापा मारायचे आणि दुसऱ्या दिवशी येऊन भांडायचे, 'मंधात खाली काऊन सोडली बे?' म्हणून. बाकीचे दुकानदार एका कॅसेटमध्ये बारा गाणी बसवायचे, मी तेरा बसवायचो.

हे काम मी कानानं करत नव्हतो, डोळ्यांनी करत होतो. जिनिंग चालू असताना कान काय कामाचे? माझ्या डबल डेकवर हिरव्या-लाल दिव्यांची एक ओळ होती. आवाज चढला की दिवे चढायचे, गाणं संपलं की विझायचे. दिवे विझले की बोट आपोआप पॉजवर पडायचं. भरताना आवाज तर मी पूर्ण बंदच ठेवायचो, कारण प्लायवूडच्या पलीकडे बाबा बसलेले. दिवसभर तीच ती गाणी ऐकून त्यांचं डोकं उठायचं.

त्या हंगामात शैला मॅडम आल्या. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या, त्यांच्या जागेवर चार-पाच महिन्यांपुरती ही नागपूरहून आली होती. 'आल्या' लिहू की 'आली', हे आजही माझं ठरत नाही. तोंडावर मॅडम म्हणायचो, मनात ती म्हणायचो. इथंही तसंच होईल, चालवून घ्या.

पहिल्यांदा आली ती रडवेला चेहरा घेऊन. तिच्या टेपरेकॉर्डरनं कॅसेट खाल्ली होती. आतली पट्टी बाहेर येऊन चुरगळली होती, आणि ती सगळी तिनं ओढणीत धरून आणली होती. कॅसेट तिची नव्हती. नागपुरात तिला लहानपणी पियानो शिकवणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्यांना ती मिस म्हणायची. मिसचे हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी वाजवणं सोडलं होतं, आता फक्त ऐकायच्या. आर्वीत करमायचं नाही म्हणून त्यांनी दोन कॅसेटा हिला चार महिन्यांसाठी दिल्या होत्या, जशाच्या तशा परत आणायच्या बोलीवर. मी पाचही स्क्रू काढले, पट्टी बोटांनी सरळ करत करत पेन्सिलीनं आत गुंडाळली. तिनं तेवढा वेळ श्वास घेतला की नाही देव जाणे.

नीट झाली का बघायला म्हणून लावली, तेवढ्यात साडेपाच वाजले आणि जिनिंग थांबलं. मला वाटलं कॅसेट अजून बिघडलेलीच आहे. एक स्वर आला आणि विरला. मग दोन-चार स्वर एकमेकांवर सांडल्यासारखे आले, थांबले, पुन्हा तेच जरा वरून आले. ठेका नाही, शब्द नाही. मी विचारलं, यात गाणारा कधी येतो? ती म्हणाली, येत नाही. तबला? तोही नाही. एकच माणूस, एकच पियानो, शेवटपर्यंत.

"मंग हे म्हनून काय राह्यलं?" मी विचारलं.

ती म्हणाली, "म्हणत काहीच नाही आहे. नुसतं बघून राहिलं आहे."

मला ते काही समजलं नाही, पण ती म्हणाली तशी मी मान हलवली. गिऱ्हाइकापुढं मान हलवायची सवयच असते आपल्याला.

त्यानंतर ती रोज यायला लागली. पाचला कॉलेज सुटायचं, सव्वापाचला ती दुकानात. कॉलेजजवळच्या तिच्या खोलीतला टेपरेकॉर्डर पुन्हा कॅसेट खाईल ही भीती तिला होती, आणि खरं सांगायचं तर तो दुरुस्त करून द्यायची घाई मलाही नव्हती. साडेपाचला घरघर थांबायची आणि आम्ही अर्धा तास ऐकायचो. आईनं उकडून दिलेल्या तुरीच्या शेंगा काउंटरवर असायच्या. मीठ लागलेली बोटं, शेंग फुटल्याचा बारीकसा आवाज, आणि पियानो. पलीकडून बाबा विचारायचे, नळ गळून राह्यला काय रे? ती तोंडावर हात धरून हसायची.

मला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. भजनं, सिनेमाची गाणी, बँडवाल्यांच्या चाली, एवढंच माझं विश्व. ती मला शिकवत वगैरे नव्हती, पण मी विचारलं की सांगायची. हे फ्रान्सकडचं आहे, शंभरेक वर्षांपूर्वीचं. तिकडं त्या काळात असे चित्रकार निघाले की ते झाड काढायचे नाहीत, झाडावरचा उजेड काढायचे. त्यांच्यासारखंच हे सुरांतलं. मी दोन-तीन दिवस त्यावर डोकं चालवलं. मग एका संध्याकाळी एक तुकडा वाजत असताना मला एकदम आमच्या मळ्यातली विहीर आठवली. बादली सोडली की खाली पाणी हलतं आणि वर विहिरीच्या दगडी भिंतीवर उजेड नाचायला लागतो, तो. मी भीत भीत सांगितलं. तिच्या हातातली शेंग खाली पडली. "हेच," ती म्हणाली, "अगदी हेच आहे हे." मॅट्रिकला पास झालो तेव्हाही मला एवढं बरं वाटलं नव्हतं.

दोन कॅसेटांवर वाजवणारे दोघं वेगळे होते, आणि काही तुकडे दोन्हींवर तेच होते. ते मला कळायला आठ दिवस लागले. मी तिला खाजगीत सांगितलं की मॅडम, तुमची दुसरी कॅसेट हळू चालते, मोटारीत काहीतरी गडबड दिसते. हेड स्पिरिटनं पुसलं, रबर बदललं, तरी हळूच. ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, तो माणूसच हळू वाजवतो. मी म्हटलं, मग एकच गाणं दोघांनी कशाला वाजवायचं? ती म्हणाली, तुमच्या आईच्या हातचं भरीत आणि मावशीच्या हातचं भरीत एकच असतं का? हे मला लगेच पटलं. मग आम्ही तेच करत बसलो, आज आईचं, उद्या मावशीचं. मला हळूवाल्याचं आवडायचं. तो एक स्वर वाजवून झाल्यावर पुढच्याची वाट पाहायचा. तिला भरभर वाजवणाऱ्याचं आवडायचं. ती म्हणायची, तुम्ही स्वतः घाईचे ना, म्हणून तुम्हाला हळूवाला आवडतो.

कॅसेटच्या कागदावरची नावं फ्रेंच होती, ती मला वाचता येत नव्हती. पण भरायच्या कॅसेटची यादी वहीत लिहायची माझी पद्धत, म्हणून मी माझीच नावं दिली. 'पाण्याचं १', 'पाण्याचं २', 'घंट्यांचं', 'विहीर', 'बर्फ (मॅडम म्हणतात)', 'पोराला झोपवायचं', 'हे कशाचं माहीत नाही'. या शेवटच्यावर तिचा सगळ्यात जास्त जीव होता. ते सुरू व्हायचं आणि ती पाठ भिंतीला टेकवून डोळे मिटायची. मी तेव्हा तुकडा ऐकत नसे. कुठं बघत असेन ते तुम्ही ओळखलं असेलच.

सरळ लिहून टाकतो, मला ती आवडत होती. एवढी की दुपारी चार वाजल्यापासून माझं गिऱ्हाइकाकडे लक्ष लागत नसे. तिला काय वाटत होतं ते मला माहीत नव्हतं, आणि विचारायची माझी छाती नव्हती. ती नागपूरची, एम. एस्सी. झालेली, ख्रिश्चन घरातली. मी ढेपवाल्याचा पोरगा, कॅसेटा भरणारा. आमच्याकडे बाई माणूस दुकानदाराला भाऊ म्हणते, तशी तीही पहिले काही दिवस मला मधुकरभाऊ म्हणायची. संक्रांतीच्या आसपास कधीतरी तिनं भाऊ म्हणणं सोडलं. त्या जागी दुसरं काही आलं नाही, नुसतं 'ऐका ना' यायला लागलं. हे माझ्या लक्षात आलं होतं. लक्षात येऊन मी काय केलं? दिव्यांची काच पुसली.

फेब्रुवारीच्या शेवटी रजेवरच्या बाई परत आल्या आणि मॅडमचं काम संपलं. दोन्ही कॅसेटा मिसला परत द्यायच्या होत्या. तिनं म्हटलं, जाण्याआधी मला या भरून द्याल? मी म्हटलं, द्याल काय विचारता. तीन दिवस मी दुसरं कोणाचं काम घेतलं नाही. अडचण एकच आली. माझ्याकडच्या कोऱ्या कॅसेटा साठ मिनिटांच्या, आणि या मूळ कॅसेटांची एकेक बाजू अर्ध्या तासापेक्षा जास्त. जसंच्या तसं उतरवलं असतं तर दोन्हीकडचा शेवटचा तुकडा मधेच तुटला असता, आणि एका कॅसेटवर शेवटचं होतं ते 'हे कशाचं माहीत नाही'. तो तुकडा तुटलेला तिला कसा देणार? मग मी माझं कसब लावलं. मधल्या सगळ्या खाली जागा काढून टाकल्या. आवाज बंद, नजर दिव्यांवर, बोट पॉजवर. दिवे विझले की टिच्, पेटले की टिच्. चारही बाजू बरोबर अर्ध्या-अर्ध्या तासात बसल्या. इतकं सुबक काम मी आयुष्यात केलं नव्हतं. मग तिच्या कॅसेटवरून चोरून एक जोडी माझ्यासाठीही भरून घेतली.

ती न्यायला आली तो शुक्रवार होता. हंगाम सरत आलेला, माल संपल्यामुळे जिनिंग दुपारपासून बंदच होतं. मी चार कॅसेटा कागदात गुंडाळून दिल्या, दोन मिसच्या, दोन तिच्या. यादीचा कागद घातला. उद्या सकाळच्या एसटीनं जाते म्हणाली. मी म्हटलं, बरं. मग ती उभी राहिली. कॅसेटा पर्समध्ये ठेवल्या होत्या, पैसे मी घेणार नव्हतो हे तिला माहीत होतं, आईला नमस्कार सांगून झाला होता. थांबायला काही कारण राहिलं नव्हतं आणि ती जात नव्हती. काउंटरवर हात ठेवून उभी होती. इतकं शांत की बाबांच्या तराजूचं पारडं हललेलं ऐकू आलं.

आणि मी बोललो. दुकानदाराला गप्प उभं गिऱ्हाईक सहन होत नाही.

"अजून काही, मॅडम?"

ती म्हणाली, "नाही. काही नाही." आणि गेली.

मे महिन्यात अल्लीपूरच्या सुनंदाशी माझं लग्न झालं. ही तक्रार नाही हो. सुनंदा चांगली आहे, माझ्यापेक्षा शहाणी आहे, आणि तिनं या घराला हसायला शिकवलं. माझी चोरून भरलेली जोडी घरात वाजत राहिली. सुनंदानं पहिल्या वर्षी विचारलं, हे काय आहे. मी म्हटलं, पियानो. ती म्हणाली, बरं आहे, डोकं शांत होते. थोरली पोरगी 'पोराला झोपवायचं' ऐकत झोपायची. पुढं सीडी आल्या, मग मोबाइलचे कार्ड भरून द्यायचे दिवस आले. एका नखाएवढ्या कार्डात आता हजार गाणी मावतात, आणि खाली जागा राहिली का हे कोणी विचारत नाही. बाबा गेले. डबल डेकच्या पट्ट्यात रुई अडकून तो बंद पडला आणि त्याचा भाग मिळेना. तरी संध्याकाळी साडेपाचला जिनिंग थांबलं की माझ्या डोक्यात तो पियानो आपला आपण लागायचा. दोन्ही कॅसेटा मला पाठ होत्या, टिच्सकट.

मागच्या उन्हाळ्यात भाच्याच्या लग्नाच्या खरेदीला नागपूरला गेलो होतो. सीताबर्डीत सुनंदा आणि बहीण साड्यांच्या दुकानात शिरल्या, म्हणजे माझे तीन तास मोकळे. समोर सीडींचं मोठं दुकान होतं. मी आत जाऊन पियानो मागितला, फ्रान्सचा. पोरानं सात-आठ सीडी पुढं टाकल्या. त्यांतल्या एकीवर मला ओळखीचं चित्र दिसलं, मावशीवाल्याचं, हळूवाल्याचं. त्यानं कानाला लावायचं यंत्र दिलं आणि मी सरळ 'हे कशाचं माहीत नाही' शोधून लावलं.

सुरुवात तीच. मधलं तेच. मग तो शेवटचा स्वर आला, जो माझ्या घरात बारा वर्षं शेवटचा होता, आणि विरला. मी यंत्र काढायला हात वर नेला. आणि ते पुढं सुरू झालं.

फार हळू. माझ्या डेकवरचा एकही दिवा पेटला नसता इतकं हळू. सुरुवातीचीच चाल परत आली होती, पण शेजारच्या खोलीतून आल्यासारखी. मधे थांबत होती, पुन्हा येत होती. चांगलं दीड मिनिट. मी त्या दुकानात उभ्या उभ्या घामानं निथळलो. पोरानं विचारलं, अंकल, पानी लाऊँ क्या?

ती सीडी विकत घेतली, घरी येऊन वही काढली आणि एकेक तुकडा पाठ असलेल्या कॅसेटशी ताडून पाहिला. अकरा ठिकाणी मी कापलं होतं. जिथं तो माणूस आवाज खाली आणून काही सांगत होता, तिथं तिथं माझं बोट पडलं होतं. शेवट तुटू नये म्हणून केलं, आणि सगळ्यांचे शेवट तोडले. आणि ज्या तुकड्यासाठी हा सगळा आटापिटा केला, त्याचा तर जीवच काढून घेतला होता. माझ्या कानांचं जाऊ द्या, पण ती काय घेऊन गेली होती माझ्याकडून? मूळ कॅसेटा मिसकडे गेल्या. तिच्याकडे उरलं ते माझं हे सुबक काम. तिला वाटलं असेल, या माणसानं चार महिने काय ऐकलं? शेंगा खाल्ल्या, माना हलवल्या, आणि शेवटी ढेपेसारखं तोलून दिलं. हा विचार मला बसू देईना. पावसाळाभर मी चिडचिड करत होतो. गिऱ्हाइकांवर ओरडलो, पोरीवर ओरडलो. तिला हे सांगायला हवं होतं, तिच्या कानावर जायला हवं होतं की मी मुद्दाम केलं नाही, मी ऐकत होतो. दुसरं काही मला नको होतं. निदान असं मी म्हणत होतो.

शेवटी सुनंदानंच धरलं. मी सगळं सांगितलं, भाऊ म्हणणं सोडल्याचंही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग फोन लावा न. इतक्या वर्सानं कोन तुमाले पळवून नेते?" रजेवर गेलेल्या त्या बाई अजून आर्वीतच आहेत. त्यांच्याकडून नंबर आणलासुद्धा सुनंदानंच, लोणच्याची बरणी घेऊन जाऊन. मॅडम आता अमरावतीला शिकवतात, नवरा बँकेत आहे, एवढंही कळलं.

परवाच्या रविवारी दुपारी फोन लावला. सुनंदा समोर तांदूळ निवडत बसली होती. स्पीकरवर टाका म्हणाली, मलेही ऐकू द्या. मी म्हटलं, मॅडम, आर्वीहून बोलतो, कॅसेटवाला. तिकडून जरा वेळानं आवाज आला, "मधुकर?" तोच आवाज, थोडा जाड झालेला. मी नमस्कार-चमत्कार काही केलं नाही, एका दमात सगळं सांगून टाकलं. दिवे, पॉज, साठची कॅसेट, अकरा ठिकाणं, दीड मिनिट. माफ करा म्हटलं.

ती काही बोलली नाही. मी वाट पाहिली. अजून काही नाही. माझ्या जिभेवर 'बरं मग, ठेवतो' आलं होतं. सुनंदानं तांदळाचा हात तसाच माझ्या मनगटावर ठेवला आणि मान हलवली, थांबा म्हणून.

"मला माहीत आहे," तिकडून ती म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. एसटीत शेजारच्या पोरीचा वॉकमन मागून ऐकत बसले होते. केळझर यायच्या आत कळलं."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगायला आले होते. सोमवारी. मिसच्या कॅसेटा अजून दिल्याच नव्हत्या, पुन्हा भरून मागणार होते. खरं सांगू? मला यायला कारण हवं होतं. तुम्ही ते कापून दिलं याचा मला आनंदच झाला होता."

"मंग?" मी विचारलं.

"तुमचे बाबा होते दुकानात. म्हणाले, तो मुलगी पाहायला अल्लीपूरला गेला आहे. बसा म्हणाले, चहा मागवला. चहा घेतला आणि निघाले."

पुढं ती बरंच बोलली. मिस केव्हाच गेल्या. आता तिच्याकडे सगळे तुकडे पूर्ण आहेत, तिची मुलगी पियानो शिकते. मी हो हो म्हणत होतो. बाबांनी मला काही सांगितलं नव्हतं. त्यांच्या लेखी एक गिऱ्हाईक आलं होतं, चहा पिऊन गेलं होतं. त्यांना काय म्हणू? फोन कसा ठेवला ते आठवत नाही.

सुनंदाकडे बघायचं धाडस होईना. वाटलं, आता ही काहीतरी थट्टा करेल आणि मला सुटल्यासारखं होईल. ती सूप मांडीवर घेऊन तशीच बसली होती. तांदूळ निवडत नव्हती.

"त्या दिवशी आमच्या घरी तुमी एक अक्षर बोलले नोते," ती म्हणाली. "पोहे समोर तसेच ठेवले होते. माह्या मायनं मले आत येऊन इचारलं, पोराले तू पसंत नाई वाटते. मी म्हटलं, नाई वो, लाजून राह्यले ते." तिनं सुपातला एक खडा उचलला आणि हातातच ठेवला. "आजपावेतो मी तेच समजून होती."